देवीमागचा लाल दिवा

प्रिय गौरेश,

'प्रिय' लिहायची पद्धत म्हणून लिहिलं, हुरळून जाऊ नकोस. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

आई डिचोलीला माझ्याकडे राहायला आली तेव्हा तू मोठ्या मनानं तुझी गाडीही दिलीस. म्हापशाला डायलिसिसला न्यायला बरी, असं सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणालास. आठवड्याभरात गाडीनं अंग टाकलं. चावी फिरवली की नुसती टकटक. तुला विचारलं तर म्हणालास, तुला गाडी चालवायची अक्कल नाही, दिवे चालू ठेवत असशील. तुझ्या भावोजींनीही तुझीच री ओढली. मी मुकाट्यानं नवी बॅटरी घातली. थोड्याच फेऱ्या झाल्या आणि अस्नोड्याच्या पुलावर गाडी बंद पडली. भर दुपार, मागच्या सीटवर आई, तिचे पाय सुजलेले. त्या दिवशी डायलिसिस चुकलं, संध्याकाळी तिला धाप लागली आणि इस्पितळात ठेवावं लागलं.

गॅरेजवाल्या विठ्ठलनं इंजिन चालू ठेवून मीटर लावला. बॅटरी चांगली होती, पण अल्टरनेटर तिला चार्जच करत नव्हता. बॅटरीचा लाल दिवा पेटला नाही का, असं त्यानं विचारलं. पेटला असता तर मला दिसला नसता काय? मग आमचं दोघांचं लक्ष स्टिअरिंगमागच्या वेगाच्या काट्यांशेजारी चिकटवलेल्या भगवतीच्या स्टिकरकडे गेलं. गाडी देताना तूच ते चिकटवलं होतंस. विठ्ठल देवीला हात लावायला तयार होईना. शेवटी मीच नमस्कार केला आणि नखानं सोलून काढलं. खाली दिवा लालभडक पेटलेला.

तरी मला वाटलं, चुकून लावलं असेल. म्हणून हरमलच्या तुझ्या मेकॅनिकला, संदीपला, फोन केला. अल्टरनेटर गेलाय हे त्यानं तुला दाखवलं होतं. तू त्याला म्हणालास, "गाडी आता भयणीकडे वतली, ती पळयतली." म्हणजे गाडी बहिणीकडे चाललीय, खर्चाचं तीच बघेल. आग लागो तुझ्या भक्तीला.

आईला यातलं काही ठाऊक नाही. गाडीत देवी दिसत नाही म्हणून ती माझ्यावरच चिडलीय. लेकानं माझ्या रक्षणाला लावली होती, तू उपटलीस, म्हणते. आता अल्टरनेटर नवा आहे, गाडी धावते. गणेश चवथीला मी आईला घेऊन तुझ्याकडे येतेय. आरती झाली की तिच्या पायाशी बस आणि तो दिवा का झाकलास ते तूच तिला सांग. नाही सांगितलंस तर मी सांगेन, सगळ्या वाड्यासमोर.

तुझीच, सुटका नाही म्हणून,
सेजल