दोन तखतांवरची पार्टी

बाबा, काल सौंसरहून एक पोरगा आला होता, जयंतीच्या कार्यक्रमाचं विचारायला. "ताई, तुमची टीम किती जनाची आहे?" म्हणाला. टीम म्हणे. कबड्डीला बोलावत असल्यासारखं. तुम्ही आज असता तर त्याला पाणी देण्याआधी त्याची शाळा घेतली असती. त्या विचारानं मला जे हसू फुटलं ते अजून थांबत नाही, आणि ज्यांना सांगावं असे तर तुम्हीच. म्हणून लिहायला बसले.

तुमच्याकडे माणसं मोजायला आकडे नव्हतेच, शब्द होते. पेटी आणि ढोलकी एवढंच असेल तर ती जोडी. त्यात गाणारा येऊन बसला की बैठक. गाणाऱ्याच्या मागे कोरस बसून त्याची ओळ उचलून धरायला लागला, की मगच ती पार्टी. बायका खंजेरी घेऊन बसल्या तर मंडळ, मग त्या कितीही असोत. वरातीपुढे चालत वाजवतो तो ताफा. आणि आर्केस्ट्रा? "ज्याच्यात मानसाइपेक्षा वायरी जास्त, तो आर्केस्ट्रा." दिवसभर जिनिंगमध्ये कापूस उपसून आलेले तुम्ही, केसांतलं कापसाचं फूल न झटकता अंगणात पेटी काढून आम्हाला हे शिकवायचात. शेजारच्या काकांनी एकदा कौतुकानं 'तुमचं भजनी मंडळ' म्हटलं, तर कितीतरी दिवस तुम्ही त्यांच्याशी धड बोलला नाहीत. असे वेडे होतात तुम्ही, आणि मला त्या वेडाचा फार अभिमान वाटायचा.

आपल्या पार्टीत पेटीवर तुम्ही आणि पुढे गाणारेही तुम्हीच; माझी जागा कोरसमध्ये, अगदी कडेला. मला मात्र पुढे बसून गायचं होतं. रेडिओवरची गाणी मी चुलीपुढे बसून पुढच्या गाणाऱ्याच्या थाटात हात फिरवत म्हणायचे. एकदा जेवताना विचारलंच, मी कधी म्हणू? तुम्ही ताटावरून मानही वर केली नाही. "कोरस मंजे पार्टीचा कना आहे. कना पक्का होऊ दे, तोंडाचं मंग पाहू." मी अर्धी भाकर टाकून उठले. आई म्हणाली, "बापावरच गेली पोट्टी, कोनाले दोष द्यावं?" तुम्ही हसलात. मला त्या हसण्याचा भयंकर राग आला होता.

आणि मग ती सौंसरची जयंती. मी मॅट्रिकला बसले त्या वर्षीची. आपण सगळे एसटीनं निघालो, पेटी तुमच्या मांडीवर, ढोलकी तिगावहून आलेल्या मामांच्या. दुपारचं ऊन नुसतं भाजत होतं आणि मंडपावर निळे झेंडे. स्टेज पाहिलं आणि तुम्ही जागीच थांबलात. बसायचे दोन लाकडी तखत, दोरीनं एकमेकांना बांधलेले, वर चादर.

"भाऊ, हे काय करून ठेवलं?"

"काहून? मागच्या साली भजनवाले याच्यावरच बसले ना," कमिटीवाले म्हणाले.

"मी पार्टी सांगतली होती. पार्टीच्या मागं कोरस राह्यते. तो काय लिंबाच्या झाडावर बसवू?"

तरी सगळे चढून पाहिले. दोरी कुरकुरली, तखत फाकले आणि मामांची ढोलकी मधल्या फटीत गेली. लोक हसायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही मात्र मंडपाकडे टक लावून पाहत होता. मग कोरसवाल्यांना म्हणालात, "उतरा खाली. लोकाइत जाऊन बसा. एकमेकाजवळ नोका बसू." मीही उतरायला निघाले, तेव्हा तुम्ही गळ्यावर हात ठेवलात आणि घोगऱ्या आवाजात म्हणालात, "माहा गळा बसला. आता तूच म्हन."

तुम्ही पेटीवर सूर धरता, माझ्याच पट्टीतला. मी पहिली ओळ म्हणते, डोळे मिटूनच. आणि ती ओळ परत येते, मंडपाच्या मागून, चहाच्या हातगाडीपासून, डाव्या हाताच्या गर्दीतून, जिथून मला कल्पनाही नव्हती तिथून. लोक माना वळवून पाहतात, कोण म्हणून राहिलं. दुसऱ्यांदा पुढ्यातली एक म्हातारी ती ओळ उचलते, तिच्यामागे तिच्या सुना. तिसऱ्यांदा आपला कोरस कोणता आणि सौंसर कोणतं, मला ओळखू येत नाही. मी डोळे उघडते तर अख्खा मंडप गातो आहे, आणि त्याला पुढची ओळ द्यायची आहे ती मला. बाबा, इतका आनंद मला नंतर लग्नातही झाला नाही, आणि माझं लग्न चांगलं झालं.

शेवटी माइकवाल्यानं तुम्हाला विचारलं, "काका, काय म्हनून सांगू? पार्टी का मंडळ?" तुम्ही तोंड उघडलं, मागे मंडपाकडे पाहिलं आणि पेटीचा भाता बंद करायला लागलात. शब्द सापडला नाही असं तुमचं मी तेवढं एकदाच पाहिलं.

घरी आल्यावर तुम्ही आठवडाभर घोगरं बोलत राहिलात. मीच तुम्हाला हळदीचं दूध करून देत होते आणि तुम्ही गंभीर चेहऱ्यानं पीत होता, दूध तुम्हाला मुळीच आवडत नसताना. कोरसमध्ये मी पुन्हा बसलेच नाही. गळा बरा झाल्यावरही तुम्ही मागे बसून ओळ उचलायला लागलात, आता सवय गेली म्हणालात.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगते. त्या दिवशी परतीच्या एसटीत, मोहगाव मागे पडल्यावर, तुमच्या खांद्यावर डोकं टेकून मी झोपले होते ना? तुम्ही माझी ती पहिली ओळ गुणगुणत होता, वरच्या पट्टीत, अगदी स्वच्छ, कुठे एक खरखर नाही. बाबा, मी जागी होते.