घड्याळ नसलेला डबा

बीबी,
७ मार्च २०१८

प्रिय राजकुमार,

पत्र पाहून हसशील. उठसूट फोन करणारा जब्बार स्पीड पोस्टाच्या रांगेत कसा काय उभा राहिला, असं म्हणशील. काल तुला लावायला फोन तीनदा हातात घेतला आणि तीनदा खिशात टाकला. तुझ्याशी हे बोलायला तोंडच उघडत नाही. तू दर वेळी विचारतोस ना, "बाबांचं रेकॉर्डिंग कधी पाठवून राह्यला बे?" त्याचंच सांगायचं आहे. पण सुरुवातीपासून सांगू दे. आडवळणानं येण्याची माझी खोड तुला शाळेपासून ठाऊक आहे.

दिवाळीत तू पुण्याहून तो पत्त्यांच्या कॅटाएवढा कॉम्प्युटर आणून दिलास आणि म्हणालास, लोकांचे टीव्ही दुरुस्त करण्यातच म्हातारा होशील, जरा नवं शीक. पंधरा दिवस मी दुकानात त्याच्याच मागे होतो. केबलच्या बॉक्समधून वायर काढली, चित्र आत घेणारी ती काडी जोडली, जुन्या लॅपटॉपची हार्डडिस्क लावली आणि सगळं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात बसवलं. गरम होऊ नये म्हणून झाकणाला भोकं पाडली. तुझी नाजिशवहिनी म्हणाली, यात आता पीठही चाळता येईल. पण वार आणि वेळ सांगून ठेवली की डबा टीव्हीवरचं आपोआप उतरवून घ्यायचा. तिच्याच आवडीचा स्वयंपाकाचा कार्यक्रम उतरवून दाखवला, तेव्हा बाईसाहेबांनी दुसऱ्या दिवसाचाही लावायला सांगितला. मी हवेत होतो, राजा. गिऱ्हाईक रेडिओ घेऊन आलं तरी त्याला आधी डबा दाखवायचो.

त्याच दिवसांत बोंडअळीनं कपाशी खाल्ली. दोन वेचण्यांत पीक आटोपलं, लोकांनी वावरात गुरं सोडली. केबलच्या चॅनलवाले गावात आले. माईकपुढे कोणी येईना, आणि आले कोण, तर तुझे बाबा! पंगतीत भात हवा असला तरी खुणेनं मागणारे पंजाबराव काका! त्यांनी हिरवं बोंड नखानं फोडलं, गुलाबी अळी तळहातावर घेतली आणि म्हणाले, "बियाणं लय हुशार आहे म्हन्ते. असन. पण पाकिटावर काय लिवलं ते अळीले वाचता येत नाही ना बाप्पा." आधी सगळे हसले. मग काका सात-आठ मिनिटं बोलत राहिले आणि कोणी हसेना. तू नव्हतास, तुला ते ऐकायला मिळालं नाही, याची मला फार हळहळ वाटते.

कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी साडेपाचला होता, आणि त्याच दिवशी जळगाव जामोदला तुझ्या मामेबहिणीचं लग्न. भाचीच्या लग्नापायी नवऱ्याचा कार्यक्रम हुकणार म्हणून पुष्पाकाकू खट्टू झाल्या. मीच छाती फुगवून म्हटलं, काकू, डबा कशाला आहे मग? मी दुकानात थांबणार होतो, पण तू पुण्याहून लग्नाला आला होतास, मला ओढलंस आणि मीही निघालो. खरं सांगू? मांडवात माझ्या डब्याची कौतुकं ऐकायची होती मला. तुझा त्यात काही दोष नाही.

त्या दुपारी बीबीत लाईट गेली आणि तीन तासांनी आली. त्या कॉम्प्युटरला स्वतःचं घड्याळ नसतं रे. चालू झाला की तो नेटवरून वेळ विचारतो, आणि नेट नसलं की जिथं बंद पडला तिथूनच पुढे मोजतो. त्या दिवशी टॉवरही बंद होता. डब्याचे साडेपाच वाजले तेव्हा खरे साडेआठ वाजले होते. परत आल्यावर लावून पाहिलं, तर काकांच्या जागी एक बाई अर्धा तास कोफ्ते तळत होती. रोज लाईट जाते त्या गावात राहून मी लाईट जाणारच नाही असं धरून मशीन बांधलं. सेलवरचं छोटं घड्याळ जोडावं लागतं हे मला माहीत होतं. बघू नंतर, म्हटलं होतं.

चॅनलवाल्यांकडे दोनदा जाऊन आलो. ते जुन्यावरच नवं घेतात, त्यांच्याकडे काही नाही. तुम्हा सगळ्यांना मी "आवाज जरा साफ करून देतो" म्हणत राहिलो. लग्नानंतर नवव्या दिवशी काकांना अर्धांगवायू झाला आणि वाचा गेली. त्यानंतर कोणत्या तोंडानं सांगणार होतो?

दर बाजाराला काकू त्यांना ऑटोतून दुकानात आणतात. काका डावा हात उचलून डब्याकडे बोट करतात. त्यांना सगळं कळतं. काल काकू म्हणाल्या, "जब्बार, एकदा तरी ऐकव रे. ह्यायचा आवाज कसा व्हता तेच मी इसरून राह्यली." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ते राजकुमारकडे पाठवलंय, पाडव्याला तो घेऊन येईल. काकांनी माझा हात धरला तो सोडेचनात. संध्याकाळपर्यंत काकूंनी गल्लीभर आवतण दिलं, सुलतानपूरच्या तुझ्या आत्यालाही निरोप गेला.

रविवारी तू नेहमीसारखा घरी फोन करशील आणि काकू आधी हेच विचारतील. त्याआधी हे तुझ्या हाती पडावं, म्हणून लिहिलं. माझं खोटं मी तुझ्या गळ्यात बांधलंय. खरं सांग म्हणू की वेळ मारून ने म्हणू, मला काहीच सुचत नाही. शिव्या दे, पण काय करू ते सांग. आज सकाळी डबा उघडून त्यात घड्याळ बसवलं. तीनदा मुद्दाम लाईट बंद करून पाहिली, एका मिनिटाचाही फरक पडला नाही. आता वेळ बरोबर दाखवतोय. काका समोर खुर्चीत बसतात, बोट दाखवतात, आणि त्यांचा एक शब्दही मला त्यात उतरवून घेता येत नाही.

तुझाच, तोंड लपवून बसलेला,
जब्बार