विहिरीचं पाणी कोण पितं?

नासेवा, फिजी
गुरुवार, २१ ऑगस्ट

प्रिय उनाइसी,

तुला सगळ्यांकडून प्रेम. ‘आम्ही इकडे बरे आहोत’ असं लिहून पत्र सुरू करायची आपली पद्धत. आज ते वाक्य मी गाळलं आहे.

चर्चचं छप्पर बसलं. बाबांचा गुडघा दुखतोच, तरी रोज दालोच्या कंदांच्या मळ्यात जातात. तुझ्या लीतियाच्या वाढदिवसाला आईने नारळाच्या रसात मासा शिजवला होता. तुझ्या लेकीने दोनच घास खाल्ले.

मे महिन्यात विद्यापीठाचे तिघे जण आले, हे तुला फोनवर सांगितलं होतं. एक बाई मुलांचं शिकणं बघायला, एक डॉक्टर मुलांचे डोळे-कान तपासायला, आणि माझ्या शाळेमागच्या टेकाडात जुनी भांडी शोधायला इलैतिया. बाई म्हणाल्या की तिसरीची मुलं पहिलीत शिकलेली अक्षरं विसरताहेत. मला राग आला. असल्या अहवालांवरून शाळा बंद होतात, आणि मग पोरं होडीने खाडीपलीकडे जाणार. आमची मुलं लाजाळू आहेत, एवढंच मी त्यांना म्हटलं.

त्याच आठवड्यात नर्स वासितीने मला बाजूला घेतलं. काही मुलांच्या तळहातांवर बारीक, कडक ठिपके उठले होते. पाणी तपासायला पाठवू या, असं ती म्हणत होती. मी म्हटलं, परीक्षा होऊ दे. वादळात टाकी फुटल्यापासून शाळा विहिरीवरच होती. विहीर बंद झाली की शाळाही बंद. वासितीने माझं ऐकलं. ती माझीच जुनी विद्यार्थिनी ना.

जुलैत इलैतियाला भांड्यांऐवजी मातीने बुजलेला सिमेंटचा हौद सापडला. गोऱ्या मळेवाल्यांच्या काळातला. गोचीड मारायला गुरांना त्यात औषधातून पोहवत नेत. औषध कसलं, सोमलाचं विषच ते. तळाला तडे गेलेले. इलैतिया खड्ड्यातून वर आला, हात पुसले आणि उताराकडे बघत राहिला. खाली वीस पावलांवर आपली विहीर.

“बाई, या विहिरीचं पाणी कोण पितं?”

“कोणी नाही,” मी म्हणाले. “हातपाय धुवायला आहे.”

लीतिया माझ्या शेजारीच उभी होती. हातात भरलेली बाटली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि बाटली पाठीमागे लपवली.

दुसऱ्या दिवसापासून मी मुलांना पाणी उकळून द्यायला लागले. उकळल्याने सोमल जात नाही, हे मला काल कळलं.

इलैतियाचा माझ्यावर विश्वास बसला नव्हता. त्याने मला न सांगता पाणी तपासायला पाठवलं. सोमवारी अहवाल आला. विहिरीवर आता कुलूप आहे.

उनाइसी, मी तुला फोनवर ‘खेळायला गेलीय’ असं सांगायचे, तेव्हा लीतिया आत झोपून असायची. तिच्या हातातून पेन्सिल निसटते. गेल्या रविवारी शिंपल्यावर पाय पडून रक्त आलं, सगळी चटई भरली, तरी तिला पत्ता नाही. तळवे बधिर झालेत. हे जूनपासून आहे. मला जूनपासून माहीत आहे.

उद्याच्या बोटीने आई तिला सुव्याच्या मोठ्या दवाखान्यात नेते आहे. डॉक्टर म्हणतात, काही भरून येईल, काही येणार नाही. किती, ते सांगत नाहीत. मिळेल त्या विमानाने ये.

मी त्यांच्याबरोबर जात नाही. त्रेचाळीस मुलांच्या घरी जाऊन वासितीने काय सांगितलं होतं आणि मी काय उत्तर दिलं होतं, ते माझ्याच तोंडाने सांगायचं आहे. अकरा घरं झाली. कोणी ओरडत नाही. चटईवर बसवतात, माझं बोलणं संपेपर्यंत थांबतात, मग मुलांना आतून हाक मारतात आणि त्यांचे तळहात उजेडात धरून बघतात.

तुझ्या दारात मी सगळ्यात आधी यायला हवं होतं.

मकेरेता