शिवणाच्या डब्यातली किल्ली

ताई,

बसची वेळ झाली, तुझी वाट बघत थांबता येत नाही. चिठ्ठी शिवणाच्या डब्यात ठेवतोय, कारण या घरात हा डबा तुझ्याशिवाय कुणी उघडत नाही.

तुझ्या कॉम्प्युटरला कुलूप लागलं. आता डिस्क काढून दुसरीकडे लावली तरी कुणाला एक अक्षर वाचता येणार नाही. नव्या मशीनमध्ये किल्ली सांभाळायला वेगळी चिप असते, तुझ्या या म्हाताऱ्यात ती नाही. म्हणून किल्ली बाहेर ठेवावी लागली. बटणांच्या खाली लाल पेनड्राइव्ह आहे, तीच ती. पेनड्राइव्ह लावल्याशिवाय कॉम्प्युटर सुरूच होणार नाही. सुरू झाला की काढून परत डब्यात टाक. कपाटाची किल्ली कपाटालाच लटकत ठेवतेस, तसं इथे केलंस तर माझा अख्खा रविवार पाण्यात गेला म्हणून समज.

भाऊजींनी विचारलं तर सांग, धाकट्याने बिघडवला. माझ्या नावावर एवढं सहज खपेल.

फाईलींची कॉपी घेताना एका फाईलचं नाव दिसलं, ‘वकिलांना द्यायचे फोटो’. उघडली नाही, शपथ. पण मला सांगायला काय झालं होतं गं?

पेनड्राइव्ह हरवला तर अठ्ठेचाळीस आकडी नंबर लागतो. तो मी माझ्याकडे नेतोय. फोनवर सांगणार नाही, घ्यायला ये. हरवायची वाट बघू नकोस. येताना बॅग भरून आण आणि लेकीला, चिमीलाही आण. कॉम्प्युटरला कुलूप लावून दे म्हणालीस ना, त्याच दिवशी मी वरची खोली झाडून ठेवलीय.

धाकटा