दुमागेतेची खोली

॥ श्री उळवी चन्नबसवेश्वर प्रसन्न ॥

मस्कत, ३ ऑगस्ट २०२५

चि. मारुतीस,
शकूअक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन केला की सगळं घर स्पीकरला कान लावून बसतं, म्हणून मनातलं पत्रातच लिहिते. डिसेंबरअखेर मी इस्पितळातून निवृत्त होते आहे. नोकरी संपली की व्हिसाही संपतो. बत्तीस वर्षं इथे नर्स म्हणून काढली, तरी पुढे राहता येणार नाही.

माझ्याबरोबरची मारिसेल फिलिपिन्समधल्या दुमागेते गावची. समुद्राकाठचं लहानसं शहर, स्वस्ताई आहे, देशोदेशीची निवृत्त माणसं तिथे येऊन राहतात. तिच्या घराची माडीवरची खोली ती मला द्यायला तयार आहे. खिडकीतून बोटी दिसतात. माझ्या शिलकीत आरामात भागेल. ऑक्टोबरअखेर तिला हो-नाही कळवायचं आहे. खोलीचा फोटो सोबत आहे. बघून तुला काय वाटतं ते स्पष्ट लिही.

लावणी उरकली का? इथे पाऊस नाही, पण श्रावण लागला की मला अजून ओल्या गोणपाटाचा वास येतो. सुंदरीला आणि प्रवीणला आशीर्वाद.

तुझी अक्का


रामनगर, २४ ऑगस्ट २०२५

ती. अक्कास,
मारुतीचा सा. नमस्कार. वि. वि.

पत्र पोचलं. फोटो सगळ्या गल्लीनं पाहिला. आत्या आता फॉरेनवाली झाली, असं आमचे चिरंजीव म्हणाले. मी म्हटलं, सुप्याच्या नदीत गुडघाभर पाण्यात भोकाड पसरणारी बाई आता समुद्राकाठी राहणार!

खोली छान आहे. तू खुशाल जा. इथे काय ठेवलंय? लाईट दिवसातून चारदा जाते, पावसाळाभर कपडे वाळत नाहीत, बरा डॉक्टर गाठायचा तर बेळगाव. जन्मभर परक्यांची आजारपणं काढलीस, आता स्वतःसाठी राहा. आमची काळजी करू नकोस. आमचं बरं चाललं आहे.

लावणी उरकली. वरच्या शेतात गवे येऊन गेले, पण फार तुडवलं नाही. समुद्रापलीकडे गेलीस तरी लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा मारुती


मस्कत, १४ सप्टेंबर २०२५

चि. सौ. सुंदरीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू मारुतीच्या नकळत टाकलेली चिठ्ठी मिळाली. तो माझ्या खोलीचा फोटो शर्टाच्या खिशात घालून फिरतो, जेवण अर्धं टाकतो, आणि तू काही बोललीस की तिला अडवणारा मी कोण म्हणतो, हे वाचून मला हसू आलं आणि रडूही आलं. वन्सं, तुम्ही सरळ इकडेच का येत न्हाईसा, असं तू विचारलंस.

तुला खरं सांगते. मी त्याच्याकडे परवानगी मागितलीच नव्हती. अक्का, घरी ये, एवढं त्यानं लिहावं म्हणून तो फोटो पाठवला. त्यानं खोलीची तारीफ लिहून पाठवली. आपलं सुप्याचं घर धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा मी बेळगावला शिकत होते. रामनगरचं घर तुम्ही दोघांनी उभं केलंत. दोन वर्षांतून एकदा मी तिथे महिनाभर येते. तू मला सगळ्यांच्या आधी वाढतेस, आणि पाहुणीलाच आधी वाढतात गं.

आपल्याकडे पंचमीला, दिवाळीला लेकीला सासरहून आणायला भाऊ मुराळी म्हणून जातो. मारुती चुलत बहिणींना आणायला खानापूर, हल्याळ, कुठे कुठे गेला. तुझा भाऊ अजून तुला न्यायला येतो. माझं लग्न झालं नाही, सासर नाही, म्हणून मला आणायला कधी कोणी आलं नाही. गोव्यात उतरते आणि टॅक्सी करून माझी मीच येते. महिनाभरासाठी असं आपण होऊन जाता येतं. कायमचं नाही जाववत. साठीला आलेल्या बाईनं असं म्हणावं हे हसण्यासारखं आहे, पण मला घरची फार आठवण येते.

हे वाचून फाडून टाक. महिनाभर वाट पाहून मी मारिसेलला होकार देणार आहे.

तुझी वन्सं


रामनगर, १२ ऑक्टोबर २०२५

ती. अक्कास,
मारुतीचा सा. नमस्कार. वि. वि.

सुंदरीनं तुझं पत्र फाडलं नाही. भाकऱ्या थापता थापता माझ्या पुढ्यात टाकलं. वाचून मी गोठ्यात जाऊन बसलो.

अक्का, मी गाढव आहे. एसीत राहिलेल्या बहिणीला ह्या ओलीत ये कसं म्हणायचं, असं मला वाटलं. मी ये म्हटलं आणि तू माझ्यासाठी मन मारून आलीस तर? म्हणून जा म्हटलं. ते लिहायला मला दोन दिवस लागले होते.

मागच्या सोप्याची खोली भाताची पोती काढून मोकळी केली आहे. तिथून बोटी दिसणार नाहीत, फणस दिसेल. आणि मारिसेलबाईंना होकार द्यायचा नाही, हे काल फोनवर सगळ्यांच्या देखत सांगितलंच. का, ते न सांगताच फोन ठेवला. ते आता लिहितो.

मी पासपोर्टला अर्ज केला आहे. विमानात कधी बसलो नाही, पण तिकिटाचं प्रवीण बघतोय. परवा चौकशीला पोलीस घरी आला होता. कशाला परदेशी निघालात, असं त्यानं कानडीत विचारलं. अक्काला आणायला जातोय, मुराळी म्हणून, असं मी सांगितलं. त्याला ते लगेच पटलं. मग लिहिता लिहिता त्यानं विचारलं, बहीण कुठल्या गावी दिली आहे. मी मस्कत सांगून टाकलं.

येतोच आहे. तोवर लोभ असू दे.

तुझा मारुती