जिन्याखालच्या मशीनमधली नोंद

प्रिय ताई,

पत्र बघून कपाळाला आठ्या घालशील, माहीत आहे. दोन वर्षं साधा फोन नाही आणि आता हे एवढं बाड! पण तुझा राग परवडला, मनात ठेवणं आता झेपत नाही.

गेल्या आठवड्यात सर्व्हर सांभाळायला दोन नव्या मुली आल्या. त्यांना शिकवताना माझ्या तोंडून तुझीच वाक्यं निघतात. डिस्क भरली तर आधी काय भरलंय ते पाहा. पुसण्याची कमांड देण्याआधी त्याच जागची नुसती यादी मागा. मुख्य सर्व्हरची खिडकी लाल ठेवा, सरावाच्या सर्व्हरची हिरवी. आपल्याच नावाने लॉगिन करा. बॅकअप झाल्याचा मेल आला तरी महिन्यातून एकदा तो उतरवून, फायली उघडून बघा. त्या भराभर वहीत लिहून घेतात आणि मी नजर चुकवते. तू मला घाईबाई म्हणायचीस ते उगीच नव्हे, यातला एकही नियम मी पाळला नव्हता.

त्या दुपारी तू डोळ्यांत थेंब घालून शेजारच्या खोलीत पडली होतीस, जेवणानंतरची तुझी नेहमीची दहा मिनिटं. डिस्क भरल्याची सूचना आली. हट्ट करून मागून घेतलेला तुझा पासवर्ड माझ्याकडे होताच. माझ्या टेबलावरून मी तुझ्या नावाने आत शिरले. दोन खिडक्या उघड्या, दोन्ही काळ्या. सरावाचं जुनं सामान पुसतेय असं समजून मी आपल्या संग्रहातल्या तीनशे बारा ध्वनिमुद्रित मुलाखती पुसल्या. बॅकअप उघडला, तर चार महिने नुसत्या रिकाम्या फायली, आणि त्याआधीचे बॅकअप आपण ठेवतच नव्हतो. दर महिन्याला न तपासता तपासल्याची सही मीच ठोकत होते. मग घाबरून मी त्या दिवसाचा लॉगही पुसला, कोण कुठल्या टेबलावरून आत आलं ते सांगणारा. मुलाखतीतल्या त्या विणकर आजींचा मुलगा अजून येतो गं, आईचा आवाज मिळाला का विचारायला. मी मान खाली घालून नाही म्हणते.

पुसण्याची कमांड तुझ्या नावावर नोंदलेली होती, म्हणून चौकशीत तुझं नाव निघालं आणि तू एवढंच म्हणालीस, की चूक माझ्या हातून झाली. मला वाटलं, पासवर्ड तुझा म्हणून तू जबाबदारी घेतलीस, खरं कुणी केलं ते तुला कळलंच नसणार. तुझी नोकरी गेली. त्या एका समजुतीवर मी दोन वर्षं ढकलली.

या सोमवारी जिन्याखालचं जुनं मशीन भंगारात काढायचं ठरलं. लॉगची एक प्रत दुसऱ्या मशीनवर जाऊ द्यावी, हाही तुझाच नियम, आणि ती प्रत तिथे जाते हे मी साफ विसरले होते. पुसण्याआधी या वेळी यादी मागितली. त्या दुपारची ओळ शाबूत होती: नाव तुझं, टेबल माझं. त्या मशीनवर शेवटचं कोण आलं होतं, तेही दिसलं. तू. चौकशीच्या दिवशी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी. सव्वानऊला बाहेर पडलीस. साडेनऊला चौकशी होती. ताई, तुला सगळं माहीत होतं.

आज दोन्ही ओळी छापून, खाली माझी सही करून, कागद संचालकांच्या हातात दिला. तुला हे दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लिहिते आहे. माझं काय व्हायचं ते होवो. त्या पाच मिनिटांत जिन्याखाली बसून तू काय विचार केलास, तेवढं मात्र मला कधीतरी सांग.

तुझीच,
घाईबाई