माझा टॅग दारातच राहिला

११ जानेवारी, शनिवार
पूर्ण पोशाख चढवायला दोन मिनिटं. मला साडेतीन लागली. बूट, पँट, कोट, कापडी टोपरं, मास्क, हेल्मेट. टोपऱ्यात अंबाडा मावत नाही हा मुख्य घोटाळा. फायर स्टेशनचे कॅप्टन वॉल्ट स्टॉपवॉच धरून समोर. "लग्नाला निघालीस का, व्ही?" म्हटलं, लग्नाला पाऊण तास लागतो, हे तर काहीच नाही. सगळे हसले.
वैशाली इथे अमेरिकेत कोणाला म्हणता येत नाही म्हणून मी व्ही. आणि सत्तरीच्या माणसाला नुसतं वॉल्ट म्हणणं मला जमत नाही. तोंडाने वॉल्ट, मनात वॉल्टकाका.
उमेदवारीचे अडीच महिने उरले. मग सगळे व्हॉलंटियर मत देणार. पास झाले तर जळत्या घरात आत जाता येईल. नाहीतर कायम बाहेर उभं राहून पाण्याचे पाइप ओढायचे.

१४ जानेवारी, मंगळवार
ऑफिसचा कॉल लांबला, ड्रिलला उशीर. नितीनचं नेहमीचं पालुपद : "अगं, सेहेचाळिसाव्या वर्षी लोक योगा करतात. तू शिड्या काय चढतेस!" सई खोलीतून : "बाबा, लेट हर. शी इज हॅपी." आहे खरी. दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढायच्या, मग इथे येऊन स्वतःच्या.
नि. कुरकुर करतो, पण आगीची वर्दी देणारा पेजर रोज तोच चार्जिंगला लावतो. ध्यान आहे नुसतं.

१ फेब्रुवारी, शनिवार
मास्कची काच काळ्या कागदाने झाकली. खोलीत खुर्च्या आडव्यातिडव्या. गुडघ्यांवर रांगत, हाताने पाइप चाचपत बाहेर पडायचं. अर्ध्यात घाबरून मास्क ओढून काढला. खऱ्या धुरात असं केलं असतं तर...
वॉल्टकाका शेजारी फरशीवर बसले. त्यांचा उजवा गुडघा वाकत नाही, तरी बसले. "मी पहिल्यांदा आत ओकलो होतो," म्हणाले. खरं की माझ्यासाठी बनवलेलं, देव जाणे. फार बरं वाटलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार
आज टॅगवर पुन्हा लेक्चर. आत जाताना आपल्या नावाचा टॅग दाराशी उभ्या असलेल्या माणसाकडे द्यायचा, बाहेर आलं की स्वतः परत घ्यायचा. टॅग फळ्यावर आहे म्हणजे माणूस आत आहे. वॉ.का. चर्चला जात नाहीत, पण या बाबतीत सोवळं कडक. मी मनात म्हटलं, इतकं काय, कळलं की.
(नंतर लिहितेय : कळलं नव्हतं.)

८ मार्च, शनिवार
लिहायचंच आहे, म्हणून लिहिते.
सकाळी जुन्या रिकाम्या फार्महाउसमध्ये ड्रिल. मशीनचा धूर. मी टॅग देऊन पुढच्या दाराने आत गेले आणि शिडीचा सराव म्हणून वरच्या मजल्याच्या मागच्या खिडकीतून उतरले. साडेदहाला मॉरिसव्हिलला मराठी शाळेत माझा वर्ग. माझी कार गॅरेजमध्ये, नि. न्यायला आला होता. पोशाख डिकीत टाकला, निघाले. पुढच्या दाराकडे गेलेच नाही. वर्गात फोन सायलेंट.
अकरा मिस्ड कॉल.
त्यांनी ते घर तीनदा पालथं घातलं. तिन्ही वेळा वॉल्टकाका स्वतः आत. शेवटी कोणाला तरी नितीनचा नंबर सापडला. तो शाळेच्या व्हरांड्यात चहा पीत होता. म्हणे, "वैशाली? ती आत बाराखडी शिकवतेय."
धावत परत गेले. वॉ.का. ट्रकच्या पायरीवर बसलेले, केस घामाने चपटे, गुडघा दोन्ही हातांनी धरलेला. ओरडले असते तर बरं झालं असतं. हळू म्हणाले, "आत शोधताना मी जुळवत होतो, तुझ्या नवऱ्याला काय सांगायचं ते."
माझा टॅग माझ्या हातात ठेवला.

९ मार्च, रविवार
राजीनाम्याचा ईमेल लिहिला. नि.ला दाखवला. वाटलं, सुटलो म्हणेल. वाचून लॅपटॉप बंद केला. "तो म्हातारा माणूस तीनदा आत गेला तुझ्यासाठी. सोडायचंय तर सोड. पण ईमेल करून नाही यार. समोर जाऊन सांग."
या माणसाशी वीस वर्षं संसार केलाय, तरी मधूनच चकित करतो.

११ मार्च, मंगळवार
स्टेशनचा रिवाज : ज्याची चूक त्याने सगळ्यांना आइस्क्रीम आणायचं. मी आम्रखंड केलं. मोठं पातेलं चाटूनपुसून साफ. आता सगळे हजेरी घेतल्यासारखे विचारतात, "व्ही, आहेस ना?" मीही हसते. हसण्यावारी नेलं तरी लागतं ते.
वॉ.का. हसले नाहीत. डॉक्टरांनी सांगितलंय, असा गुडघा घेऊन आता आगीत आत जायचं नाही. "व्हायचंच होतं कधीतरी." तसं असेलही. पण झालं माझ्यामुळे.
मी सोडते, असं त्यांना सांगितलं. त्यांनी वाटीतलं आम्रखंड संपवलं, मग म्हणाले, "मत होऊ दे. त्याच्या आधी पळालेलं मला चालत नाही." तुमचं मत काय, विचारलं. "मत गुप्त असतं, व्ही."

१५ मार्च, शनिवार
काळ्या काचेचा मास्क लावून खोली पूर्ण पार केली. हळू, पण केली. टॅग घेतला. कारमध्ये बसल्यावर तीनदा खिसा चाचपला.

२५ मार्च, मंगळवार
आज मत. मला बाहेर गाड्यांपाशी उभं केलं. काचेतून दिसत होतं : टेबलावर वॉ.कां.चं हेल्मेट उलटं ठेवलेलं, एकेक जण उठून चिठ्ठी टाकतोय. तोंडं मुद्दाम कोरी. मी देवाचं नाव घेत होते, खोटं कशाला बोलू. मला हे हवंय. इतकं हवंय हे आजच कळलं.
शेवटची चिठ्ठी पडली आणि पेजर वाजले. गवताला आग, वारा घराच्या दिशेने. सगळे धावत बाहेर. वॉ.कां.नी चिठ्ठ्या मुठीने कोटाच्या खिशात कोंबल्या, हेल्मेट डोक्यावर घातलं, लंगडत आले. मी ट्रकमध्ये चढले होते. ते पायरीशी थांबले. गुडघा वर येईना. त्यांना कोणाचा हात धरून चढताना मी कधी पाहिलं नाही. कोणी हात दिला तर झटकतात.
त्यांनी माझ्यापुढे हात केला. मी दोन्ही हातांनी ओढून वर घेतलं.
"काय निघालं?" विचारल्यावाचून राहवलं नाही.
"मोजल्या नाहीत. बेल्ट लाव."
घर वाचलं. मागचा कठडा तेवढा काळवंडला. मी बाहेरूनच पाइप धरला. परतल्यावर वॉ.का. बर्फाची पिशवी घेऊन थेट घरी गेले. चिठ्ठ्या त्यांच्या कोटात. उद्या मोजू म्हणाले.
नि. विचारतोय, काय झालं. त्याला सांगितलं, वॉल्टकाकांना गाडीत चढवलं.